प्लेटमधली मोकळी जागा

"सही करा," मुळे सर म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"नाही करणार, सर."

त्यांना वाटलं, मी पेन शोधते आहे. त्यांनी स्वतःच्या पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी टोपण लावून ते परत त्यांच्यासमोर ठेवलं. तेव्हा कुठे त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं.

साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. अमरावतीचं आमचं कॉलेज, फिजिक्स डिपार्टमेंट, दुपारचे चार. मी डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे मुलांकडून प्रॅक्टिकल्स करून घेणारी, डिपार्टमेंटमधली सगळ्यात खालची पायरी. त्यातून प्रोबेशनवर. प्रोबेशनवर असणं म्हणजे नोकरी लागलेली असते, पण पक्की झालेली नसते. माझी दोन वर्षं संपायला सहा आठवडे उरले होते. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, याचा रिपोर्ट लिहिणार होते हेच मुळे सर. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि त्यांनी पेन पुढे केलं तेव्हा ते आम्हा दोघांच्याही डोक्यात होतं.

घरी पाठवणं म्हणजे काय, ते माझ्यापुरतं सांगते. माझं घर दर्यापूरकडच्या एका खेड्यात. काळी जमीन, कपाशी, आठ-दहा जणांचा संसार. त्या घरातून एम. एस्सी. झालेली मी पहिली. बाबांनी सगळ्या भाऊबंदांशी वाकडं घेऊन मला शिकवलं होतं. नोकरी गेली असती तर भाऊबंदांनी पेढे वाटले असते आणि माझं लग्न महिनाभरात ठरवून टाकलं असतं. म्हणून मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

आणि तरी सही करायची नव्हती.

रजिस्टरच्या सत्तेचाळिसाव्या ओळीत सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'घटना क्र. ४७. व्हर्च्युअल पायॉन. प्रत्यक्ष निरीक्षण.' पुढे 'पहिला निरीक्षक' या रकान्यात सरांची सही. 'दुसरा निरीक्षक' हा रकाना रिकामा. तो माझा होता.

आता हे सगळं काय होतं ते सांगते. फिजिक्स न शिकलेल्यांनीही घाबरू नये, मी वर्षानुवर्षं ढ मुलांना हेच समजावून सांगत आले आहे.

आकाशातून आपल्यावर सतत अतिसूक्ष्म कणांचा मारा होत असतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण जाड इमल्शन, म्हणजे चांदीच्या क्षाराचा लेप, लावलेली खास फोटोची प्लेट ठेवली, तर त्यातून जाणारा विद्युतभारित कण मागे खूण ठेवतो. प्लेट डेव्हलप केली की त्याच्या वाटेवर चांदीचे काळे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांच्या रांगेला आम्ही ट्रॅक म्हणतो. मायक्रोस्कोपला डोळा लावून असे ट्रॅक शोधत बसणं म्हणजे स्कॅनिंग. दिवसाला बोटाच्या नखाएवढी जागा झाली तरी पुष्कळ झालं. मान मोडून येते आणि डोळ्यांत रेती गेल्यासारखं वाटतं.

मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं आमच्या कॉलेजला अशा प्लेटा दिल्या होत्या. मुळे सरांनी दोन वर्षं पत्रं लिहून त्या मिळवल्या होत्या. हिवाळ्यात त्यांनी त्या स्वतः मांडीवर घेऊन जीपमधून चिखलदऱ्याला नेल्या. घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला ते "जपून रे बाबा" म्हणत होते. तिथल्या रेस्ट हाउसच्या छपराखाली त्या अडीच महिने ठेवल्या. उन्हाळ्यात त्या डेव्हलप झाल्या अकोल्याला, कारण आमच्या शिक्षण संस्थेच्या अकोल्याच्या कॉलेजात डार्करूम होती आणि अमरावतीला नव्हती. पावसाळाभर प्लेटा कपाटात राहिल्या. पावसाळा सरल्यावर आम्ही दोघं त्या पाहायला बसलो.

सरांची बाजू आधी मांडून ठेवते, म्हणजे पुढे मी त्यांना नावं ठेवीन तेव्हा कोणी मला एककल्ली म्हणायला नको. मुळे सर अमरावतीच्या वकील-शिक्षकांच्या घरातले. हुशार. आयुष्यभर गळक्या छपराच्या लॅबमध्ये त्यांनी तारेचा रेझिस्टन्स मोजायला शिकवलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि नावावर एक पेपर नव्हता. त्यांना काहीतरी सापडायला हवं होतं. माणूस असा आसुसलेला असला की त्याला सापडतंच.

स्कॅनिंग शिकायला मला दोन महिने मुंबईच्या त्या संस्थेत पाठवलं होतं. तिथल्या स्कॅनिंग रूमच्या प्रमुख बाई फार कडक होत्या. त्यांचे नियम तीन. नोंद शाईनं करायची, पेन्सिल टेबलावर दिसली तर त्या ती खिडकीतून फेकत. प्रत्येक घटना दोघांनी वेगवेगळी पाहायची आणि दोघांनाही दिसली तरच दोन सह्या करायच्या. आणि तिसरा, जो त्या रोज सकाळी म्हणत : "दिसलं ते लिही. कळलं ते लिहू नकोस. कळलेलं लिहायला वर प्रोफेसर बसलेत."

घटना क्रमांक सत्तेचाळीसमध्ये काय दिसत होतं? डावीकडून एक ट्रॅक येतो आणि मध्येच थांबतो. मग चाळीस मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण निम्मी, मोकळी जागा. त्या जागेच्या पलीकडे एका बिंदूतून तीन ट्रॅक फुटतात, झाडाच्या फांद्यांसारखे. एवढंच.

"ही मोकळी जागा म्हणजेच तो," सर म्हणाले. त्यांचा आवाज हलका झाला होता. "इथे या कणानं काहीतरी सोडलं, आणि तिथे ते जाऊन आपटलं. मधला प्रवास व्हर्च्युअल पायॉनचा."

"सर, व्हर्च्युअल कण प्रवासाची जागा सोडत नाही."

"काहून नाही?" सर चिडले की त्यांच्या तोंडी वऱ्हाडी यायची.

व्हर्च्युअल कण ही भानगड अशी आहे. दोन कण एकमेकांजवळ येतात आणि दूर ढकलले जातात. येताना दिसतात, जाताना दिसतात. ढकलण्याच्या क्षणी नेमकं काय झालं ते दिसत नाही. गणित करताना आम्ही म्हणतो, एकानं दुसऱ्याला काहीतरी दिलं. ते 'काहीतरी' म्हणजे व्हर्च्युअल कण. रात्री शेजारणीकडून वाटीभर विरजण आलेलं कोणी पाहिलेलं नसतं, सकाळी दही लागलेलं मात्र दिसतं. फरक इतकाच की विरजणाची वाटी वाटेत अडवून बघता येते. व्हर्च्युअल कण अडवता येत नाही. त्याच्या ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं गणित मोकळ्या कणासारखं बसत नाही, म्हणून त्याला मोकळं हिंडताच येत नाही. तो दोन टोकांमध्येच असतो आणि तिथेच संपतो.

"किती अंतरात संपतो?" मी सरांना विचारलं. उत्तर त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. "अणूच्या केंद्रकाएवढ्या. ही मोकळी जागा त्याच्या हजारो कोटी पट आहे, सर."

"पण पायॉन तर जगानं प्लेटमध्येच पाहिला! आधी गणितात आला, म्हणाले हाच केंद्रकातलं बल वाहतो, आणि मग प्लेटमध्ये सापडला. विसरलात?"

"तो मोकळा सुटलेला पायॉन. टक्कर एवढी जोरात झाली की तो खराखुरा बाहेर पडला. त्याचा ट्रॅक मोजला, त्याचं वजन काढलं. तोच पायॉन केंद्रकाच्या आत देवाणघेवाणीत असतो तेव्हा बाहेर येत नाही. तेव्हा त्याचा ट्रॅकही नाही आणि मोकळी जागाही नाही."

"मग तुमचा व्हर्च्युअल कणावर विश्वासच नाही म्हणा की!"

"विश्वास काय करायचाय? हजारो टकरी मोजल्या आणि कोणत्या कोनात किती कण गेले ते पाहिलं, की गणिताशी जुळतं. गणितात तो धरावा लागतो. म्हणून तो कळतो. दिसत नाही."

सरांनी रजिस्टर मिटलं. दोन आठवड्यांनी नव्या सायन्स विंगचं उद्घाटन होतं. शिक्षण संस्थेचे अध्यक्ष येणार होते आणि शहरातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी येणार होती. मायक्रोस्कोप लावून हीच प्लेट दाखवायची, असं सर प्राचार्यांना सांगूनही बसले होते.

"आठ दिवस देतो," ते म्हणाले. "नीट विचार करा. रिपोर्ट मी अजून लिहिलेला नाही."

धमकी द्यायचीही एक पद्धत असते. सरांची पद्धत सभ्य होती, पण होती ती धमकीच. मी वसतिगृहाच्या खोलीवर गेले आणि संतापानं जेवलेच नाही. भीतीही वाटत होती, ते कशाला लपवू?

दुसऱ्या दिवशी मी तीच प्लेट पुन्हा लावली. व्हर्च्युअल नाही हे मी सांगून चुकले होते. पण मग ती मोकळी जागा होती कशाची? विद्युतभार नसलेला खराखुरा कण ट्रॅक सोडत नाही, आणि तो दूरवर जाऊही शकतो. तसं असेल तर ती साधी पण चांगली नोंद होती, आणि सरांना देण्यासारखं काहीतरी माझ्या हातात आलं असतं. खरं सांगायचं तर मी तसंच निघावं म्हणून प्रयत्न करत होते.

ऑइल इमर्शन लेन्स, म्हणजे प्लेटवर तेलाचा थेंब टाकून त्यात बुडवायची लेन्स. तिचा फोकस फार बारीक असतो. खोलीत एक केसभर फरक पडला तरी वरचं दिसेनासं होतं आणि खालचं दिसू लागतं. सर आपल्या घटनेवर फोकस करून थांबले होते. मी फाइन फोकसचा स्क्रू आणखी थोडा फिरवला.

खाली एक दुसरा ट्रॅक होता. जाड, घट्ट ठिपक्यांचा, संथ प्रोटॉनचा. आमच्या घटनेशी त्याचा काही संबंध नाही, तिरका चालला होता. तोही त्या मोकळ्या जागेच्या काठाशी तुटला. आणि पलीकडे, अगदी त्याच रेषेत, पुन्हा सुरू झाला.

मी लेन्सवरून डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पुढचा आठवडाभर आजूबाजूची जागा तपासली. अशा मोकळ्या जागा आणखी पाच सापडल्या, सगळ्या गोलसर. त्यांतून जाणारा प्रत्येक ट्रॅक काठाशी तुटत होता. एक कण विद्युतभार टाकून अदृश्य झाला हे मान्य करता येईल. पण तिथून जाणारे सगळेच कण नेमके त्याच गोलात अदृश्य होतात आणि बाहेर पडून पुन्हा चालू लागतात, हे कुठल्याही फिजिक्समध्ये बसत नाही. तेव्हा रिकामी झाली होती ती प्लेट. कणांचा त्यात काही दोष नव्हता. सत्तेचाळीसमधला डावीकडचा ट्रॅक त्या तीन फांद्यांपर्यंत सलगच गेला होता, मधले ठिपके तेवढे पुसले गेले होते.

प्लेट काढून मी खिडकीपाशी तिरकी धरली. कडेला पांढुरकी रेघ होती. ती पाहिली आणि मला हसूच आलं. तसली रेघ मी जन्मापासून पाहत आले आहे. आमचं गाव खारपाण पट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही काठांना दूरवर जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहिरीच्या पायरीवर, माठाच्या बुडाशी, वाळत घातलेल्या धोतराच्या काठाला, सगळीकडे हीच रेघ. अकोलाही त्याच पट्ट्यातलं.

मी गुलाबरावांना हाक मारली. गुलाबराव म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. पन्नाशी उलटलेले. उन्हाळ्यात प्लेटा डेव्हलप करायला सरांबरोबर अकोल्याला तेच गेले होते.

"गुलाबराव, प्लेटा धुवायला पाणी कुठलं वापरलं?"

"काहून जी बाई? इहिरीचं."

"नळाचं का नाही?"

"नळाले पानी कुठं होतं? तीन दिसाआड ये. सायेब म्हने थांबाले वेळ नाई, मोटार सुटते. मंग म्या त्या लिंबाखालच्या इहिरीचं काढलं. दहा बकेटा काढल्या, बाई. कंबर मोडली माही!"

"आणि शेवटी गोड्या पाण्यानं धुतल्या?"

"गोडं पानी असतं तं म्या पेलो नसतो काय?"

डेव्हलप केलेली प्लेट तासन्‌तास धुवावी लागते. खाऱ्या पाण्यानं धुतली तरी एकवेळ चालतं, पण शेवटी गोड्या पाण्याचे दोन-चार हात हवेतच. नाहीतर थेंब जिथे वाळतो तिथे मीठ बसतं. पावसाळ्यात ते मीठ हवेतली ओल धरतं, आणि त्या ओलीत चांदीचे ठिपके फिके होत होत जातात. सरांना हे पुस्तकातून ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांचा जन्म अमरावतीचा. गोड्या पाण्यावर वाढलेल्या माणसाच्या मनात पाणी म्हणजे पाणी. बादलीतल्या पाण्याची चव बघावी, हे त्यांना सुचायचं काही कारणच नव्हतं.

नुसत्या ओळखीवर विसंबायचं नव्हतं. मी प्लेटच्या कडेची पांढरी भुकटी ब्लेडनं खरवडली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली आणि केमिस्ट्रीवाल्यांकडून सिल्व्हर नायट्रेट आणून एक थेंब टाकला. परीक्षानळीत दह्यासारखं पांढरं फुटलं. फोटो धुण्याच्या हायपोचा अंश असता तर ते पिवळं होत होत काळं पडलं असतं. हे पांढरंच राहिलं. मीठ.

परीक्षानळी घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मायक्रोस्कोपपाशीही आले, तो तिरका ट्रॅक पाहिला. बराच वेळ पाहिला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मला वाटलं, झालं, पटलं त्यांना.

"एका जागी मीठ असेल," ते म्हणाले. "म्हणून सत्तेचाळीस खोटी ठरत नाही."

"सर, तो ट्रॅक सत्तेचाळीसच्याच जागेत तुटतोय."

"विमलबाई, उद्घाटन सहा दिवसांवर आलंय. कार्ड छापून झालंय. एवढं होऊ द्या. मग प्लेट मुंबईला पाठवू, ते काय म्हणतील ते मान्य."

"आधी पाठवू, सर. मग दाखवू."

"तुम्ही सही करणार आहात की नाही?"

"सही करणार आहे," मी म्हणाले. "मला दिसलं त्याखाली करणार."

मी त्यांच्यासमोरच रजिस्टर उघडलं आणि सत्तेचाळिसाव्या ओळीखाली शाईनं लिहिलं : 'मोकळ्या जागेत कोणताही कण दिसला नाही. त्याच जागेतून जाणारा दुसरा ट्रॅकही तुटलेला आहे. प्लेटवर मिठाचा अंश. धुण्याचं पाणी : विहीर, अकोला.' खाली सही, तारीख. टीपकागद दाबला. अक्षर आलं चांगलं.

सर पांढरे पडले. "उद्घाटनाला तुम्ही मायक्रोस्कोपपाशी नसाल," ते म्हणाले.

"असेन, सर. मायक्रोस्कोप डेडस्टॉक रजिस्टरला माझ्या नावावर आहे." डेडस्टॉक म्हणजे लॅबमधल्या टिकाऊ वस्तू. ज्याच्या नावावर वस्तू, मोडली तर जबाबदारी त्याची. "शिवाय ती लेन्स तुमच्या आणि माझ्याशिवाय कोणाला लावता येत नाही. तुम्हाला पाहुण्यांबरोबर फिरायचंय. मी मुकाट्यानं उभी राहीन. आपण होऊन एक शब्द बोलणार नाही. पण कोणी विचारलं, तर दिसतं ते सांगीन. हे आजच सांगून ठेवते."

त्यांना वाटलं असावं, वेळ आली की बाई गप्प बसेल. प्रोबेशनवरची माणसं गप्प बसतात, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

उद्घाटनाच्या दिवशी झेंडूची तोरणं, रांगोळी, सनई, सगळं यथास्थित झालं. मायक्रोस्कोपशेजारी छापील कार्ड उभं केलं होतं : 'व्हर्च्युअल पायॉन : प्रत्यक्ष दर्शन'. देवळातल्या पाटीसारखं. मी इस्त्रीची पांढरी साडी नेसून बाजूला उभी.

अध्यक्ष भाऊसाहेब आले. सत्तरीचे, धोतर-टोपी, दर्यापूरकडचे मोठे शेतकरी. शिक्षण चौथीपर्यंत, पण दोन्ही कॉलेजांची वीट न्‌ वीट त्यांनी उभी केलेली. सरांनी त्यांना पाच मिनिटं समजावून सांगितलं. मी लेन्स लावून दिली. भाऊसाहेबांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला आणि खूप वेळ तसेच वाकून राहिले.

"मले तं काईच दिसून नाई राहिलं, बाप्पा. कुठं हाय तो?"

"ती मधली मोकळी जागा, भाऊसाहेब," सर म्हणाले. "तोच."

"मोकळी जागा दिसते. कन कुठं हाय?"

सर हसले. मागची मंडळीही अदबीनं हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काय वं पोरी, तुले दिसते काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती, आणि ती मला रागापेक्षा जड गेली. एक क्षण मला वाटलं, म्हणून टाकावं 'हो'. एका शब्दाचं काम. नोकरी पक्की, बाबांची मान ताठ, आणि भाऊसाहेब चहाला जातील.

"नाही, भाऊसाहेब," मी म्हणाले. "तो कण कोणालाच दिसत नाही. गणितावरून कळतो, एवढंच. आणि ही जागा कणाचीसुद्धा नाही. तिथली चांदी मिठानं खाल्लीय. प्लेट अकोल्याच्या कॉलेजातल्या विहिरीच्या पाण्यानं धुतलेली आहे."

भाऊसाहेब सरळ उभे राहिले.

"कोन्ती इहीर?" भाऊसाहेबांनी विचारलं. "लिंबाखालची?"

"हो."

"अरे, तिच्या पान्यात दाळ शिजत नाई!" ते सरांकडे वळले. "आन्‌ तुमी तिच्यात फोटो धुतला?"

मग मात्र सगळे मोकळेपणानं हसले. भाऊसाहेब काठी टेकत चहाकडे निघाले, त्यांच्यामागे मंडळीही निघाली. सर तिथेच उभे होते. त्यांनी कार्ड उचललं, त्याची नीट घडी केली आणि खिशात ठेवलं.

"तुम्ही माझी शोभा केलीत," ते म्हणाले.

मला वाईट वाटलं का? वाटलं. आजही वाटतं. जीपमध्ये प्लेटा मांडीवर धरून बसलेला माणूस आठवतो. पण शोभा मी केली नव्हती. सहा दिवस आधी मी त्यांच्या हातात परीक्षानळी दिली होती.

रिपोर्ट आला. 'कामात दक्ष. विषयाचे ज्ञान उत्तम. वरिष्ठांचे ऐकण्याची वृत्ती नाही.' खरं सांगायचं तर तिन्ही वाक्यं बरोबर होती. त्यावर शिक्षण संस्थेनं माझं प्रोबेशन एक वर्ष वाढवलं आणि माझी बदली अकोल्याला केली. घरी पाठवलं नाही, कारण भाऊसाहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं म्हणे, "पोरगी खोटं बोलली काय?" भाऊबंदांचे पेढे मात्र हुकले.

प्लेट आणि रजिस्टर मुंबईला गेलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, ते रजिस्टरच्या त्याच पानावर चिकटवलेलं मी नंतर पाहिलं. दोनच ओळी. 'दुसऱ्या निरीक्षकाची नोंद बरोबर आहे. यापुढे प्लेटा धुण्यापूर्वी पाणी तपासावे.' चिकटवलं होतं मुळे सरांनीच, स्वतःच्या हातानं, कडा सरळ जुळवून. ते पान फाडणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी फाडलं नाही, हे मी त्यांच्या नावावर लिहून ठेवते. माझ्याशी मात्र ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

अकोल्याला मी पुढे सत्तावीस वर्षं काढली. शिक्षा म्हणून पाठवलं होतं, पण खाऱ्या पाण्याच्या मुलीला खाऱ्या पाण्याची कसली शिक्षा? पहिल्याच दिवशी मी डार्करूममध्ये सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली आणि ड्रॉपर ठेवला. काहीही धुण्याआधी बादलीतलं पाणी परीक्षानळीत घ्यायचं आणि एक थेंब टाकायचा. पांढरं फुटलं की ते पाणी झाडांना. मी निवृत्त झाले तेव्हाही तो थेंब चालू होता.

दर वर्षी एम. एस्सी.च्या वर्गात कोणीतरी हात वर करून विचारायचंच, "मॅडम, व्हर्च्युअल पार्टिकल प्रयोगात पाहता येतो का हो?"

मी सांगायचे, "नाही. आत गेलेले कण पाहता येतात, बाहेर आलेले पाहता येतात, किती गेले आणि किती आले ते मोजता येतं. मधलं गणितानं कळतं, आणि ते फार सुंदर जुळतं. पण कोणी म्हणालं की मी स्वतः पाहिला, तर भांडत बसू नका. प्लेट कोणत्या पाण्यानं धुतली, तेवढं विचारा."